बत्तिशीकाकांचा रडण्याचा अभ्यास

बत्तिशीकाकांना त्यांच्या खऱ्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. धंदा कवळ्या बनवण्याचा, तोही गेली तीस-बत्तीस वर्षं, त्यामुळे गल्लीनं कधीतरी हे नाव चिकटवलं आणि ते चिकटलंच. कवळीत खरं तर अठ्ठावीसच दात असतात, बत्तीस नाही, हे त्यांनी सुरुवातीला दोन-चार जणांना समजावून पाहिलं. मग नाद सोडला.

त्यांची कामाची खोली कापडाच्या एका दुकानावर, पहिल्या मजल्यावर. खिडकीखाली लांबलचक टेबल, त्यावर मेण वितळवायचा दिवा, घासायची छोटी मोटर आणि एक पितळी बिजागरी. बिजागरीवर प्लास्टरचा वरचा आणि खालचा जबडा चढवायचा आणि उघडमिट करून दात नीट जुळतात का ते बघायचं. भिंतीला फळ्या, फळ्यांवर जबडेच जबडे, प्रत्येकाला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी. पेशंट इथे येत नाहीत, दातांचे डॉक्टर मापं पाठवतात. म्हणून काकांना निम्म्या गावाचे जबडे पाठ, पण चेहरे माहीत नाहीत. रस्त्यात कुणी खळखळून हसलं की काका बायकोला कोपरानं ढोसणार, "खालची आपली आहे." आणि बायको म्हणणार, "अहो, लोकांच्या तोंडात असं बघू नका हो. मार खाल एखाद दिवशी."

कामात काकांचा एकच हट्ट. दात फार चांगले बसवायचे नाहीत. एखादा किंचित तिरका, एखादा जरा झिजलेला, पुढच्या दोघांत केसभर फट. तसं केलं तरच ते त्या माणसाचे वाटतात. नाहीतर तोंड उघडलं की दुकानाची पाटी दिसते.

आणि स्वभावात एकच खोड. काका रडतात. नाटकात रडतात, सिनेमात रडतात, एकदा तर साबणाच्या जाहिरातीत आजोबा नातीचा फ्रॉक धुतात ते बघून रडले होते. बायको टपाल कचेरीत खिडकीवर बसते, दिवसभर लोकांची गाऱ्हाणी ऐकते, त्यामुळे तिचे डोळे असे सहजासहजी भरत नाहीत. नाटकाला निघताना ती पर्समध्ये एक रुमाल स्वतःसाठी आणि दोन नवऱ्यासाठी टाकते. या खोडीवरून घरात थट्टा व्हायची. थट्टेपलीकडे काही होईल असं कुणाला वाटलं नव्हतं.

मग दादा गेले.

दादा म्हणजे काकांचे थोरले भाऊ. तीन भावंडांत दादा मोठे, मधली ताई, काका धाकटे. दादांनी लग्न केलं नव्हतं, ताईचे यजमान लवकर गेलेले, तिला मूलबाळ नाही, त्यामुळे दोघं बहीणभाऊ एकाच घरात राहायची. दादांचं दुखणं अकरा महिने चाललं. ताईनं ते एकटीनं काढलं. काका रविवारी जायचे, शिवाय मधे बोलावलं की जायचे. दादा गेले त्या दिवशी सगळी धावपळ काकांनीच केली. कागदपत्रं, फोन, आल्यागेल्याला खुर्च्या, पाणी. कुणाला काही विचारायची वेळ आली नाही. डोळ्यांतून मात्र टिपूस आलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, महिनाभरानं नाही.

ताईनं ते पाहिलं होतं.

दोन महिन्यांनी बायकोला कचेरीतून नाटकाची तीन तिकिटं मिळाली. ताईचं मन जरा रमेल म्हणून तिलाही नेलं. नाटक साधंच होतं. मोठ्या इमारतीतला एक म्हातारा लिफ्टवाला नोकरीच्या शेवटच्या दिवशी आपल्या लिफ्टचा निरोप घेतो. तो स्टूल उचलतो, पुन्हा ठेवतो, बटणांवरून एकदा फडकं फिरवतो, आणि म्हणतो, "चला, आता माझा मजला आला." संपलं. काकांचा बांध फुटला. साधंसुधं रडू नव्हे, हुंदके. पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. काकांनी चष्मा काढला, पुसला, घातला, आणि बाजूला बघितलं तर ताईची खुर्ची रिकामी.

ती बाहेर, तिकीटखिडकीशेजारच्या बाकावर बसली होती. काका गेले तशी उठून उभी राहिली.

"सख्ख्या भावासाठी तुझ्याकडे एक थेंब नव्हता रे," ती म्हणाली, "आणि त्या रंग फासलेल्या म्हाताऱ्यासाठी एवढं? तो आत्ता मागच्या दारानं बाहेर पडून वडा खात असेल!"

"ताई, अगं..."

"मला रिक्षा करून दे."

त्यानंतर ताईनं बोलणं टाकलं. फोन केला तर बायकोशी बोलायची. "त्याला सांग, गॅसवाला येऊन गेला." "त्याला सांग, दादाच्या बँकेच्या कागदांवर माझी सही झाली." काका शेजारीच बसलेले असायचे. बायको फोन धरून, त्यांच्याकडे बघत, निरोप पुन्हा म्हणून दाखवायची, जणू मधे समुद्र आहे.

काकांच्या मनाला ताईचा राग लागला नाही. लागला तो तिचा प्रश्न. कारण तो बरोबर होता. तो लिफ्टवाला नव्हताच. कधी जन्मला नाही, कधी निवृत्त झाला नाही. दादांनी मात्र काकांना सायकल शिकवली होती, पहिली नोकरी लावून दिली होती. मग हे काय गौडबंगाल? आपण आतून कोरडे आहोत का? आणि ते रडणं, तो काय नुसता शौक? या विचारांत एकदा डावा सुळा उजवीकडे बसवला आणि डॉक्टरांचा फोन आला. असं बत्तीस वर्षांत घडलं नव्हतं.

"एवढा प्रश्न पडलाय ना," बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, "तर कुणाला तरी विचारून या. मला विचारू नका. माझं तिकीट-पाकिटांचं खातं आहे."

विचारायचं कुणाला? पण योग असा की एका डॉक्टरांकडे कवळी पोचवायला काका विद्यापीठाच्या बाजूला गेले होते. मधली वाट तत्त्वज्ञान विभागाच्या व्हरांड्यातून जाते. तिथे फळ्यावर एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाचे विषय लावले होते. चौथा विषय: नैतिक मानसशास्त्र आणि कलेची नीती. खाली बारीक अक्षरात तपशील. भावना आणि चारित्र्य. कल्पित व्यक्तींविषयीच्या भावना. कलाकृतीचे नैतिक मूल्यमापन. काकांनी "कल्पित व्यक्तींविषयीच्या भावना" ही ओळ तीनदा वाचली. कवळीचा डबा बगलेत मारून ते थेट कचेरीत शिरले.

"हा चौथा विषय नुसता ऐकता येईल का हो?"

कारकुनानं मान वर केली नाही. "ऐकायचं असेल तर रेडिओ आहे. शिकायचं असेल तर फॉर्म आहे."

काकांनी तरुणपणी, धंदा शिकता शिकता, बी. ए. केलं होतं, आणि विषय योगायोगानं तत्त्वज्ञानच होता, कारण त्या वर्गाच्या वेळा कामाच्या आड येत नव्हत्या. तेवढ्या आधारावर प्रवेश मिळाला. पहिलं वर्ष त्यांनी ज्ञान म्हणजे काय आणि असणं म्हणजे काय या दोन गोष्टींशी झटापट करत, पडत-धडपडत पार केलं. ताईचं बोलणं अजून बायकोमार्फतच होतं. दुसऱ्या वर्षी जुलैच्या एका सोमवारी संध्याकाळी साडेपाचला काका अखेर चौथ्या विषयाच्या वर्गात जाऊन बसले.

वर्गात सात जण. खोली लहान, पंखा आवाज करणारा, खिडकीबाहेर सायकलींचा तळ. शिकवायला बाई होत्या. साठीला टेकलेल्या, बुटक्या, खडूनं माखलेल्या, आणि बोलताना विद्यार्थ्यांच्या बाकावरच बसणाऱ्या. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर तीन वाक्यं लिहिली. आपल्याला कल्पित माणसांबद्दल खरं दुःख होतं. जे नाही हे पक्कं ठाऊक आहे, त्याबद्दल दुःख होऊ शकत नाही. कल्पित माणसं नाहीत हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं.

"तिन्ही वाक्यं पटतात," बाई म्हणाल्या, "आणि तिन्ही एका वेळी खरी असू शकत नाहीत. कुठलं खोडायचं?"

काकांनी हात वर केला. सांगायचं एवढंच होतं की मला दुसरं खोडावंसं वाटतं. पण तोंड उघडलं आणि लिफ्टवाला, दादा, ताई, सगळंच बाहेर आलं. बाईंनी हातातला खडू खाली ठेवला.

"आम्ही वर्षानुवर्षं उदाहरणं शोधून आणतो," त्या म्हणाल्या. "तुम्ही स्वतःच चालत आलात. बसा."

अभ्यास सोपा नव्हता. काका पुस्तक पितळी बिजागरीला टेकवून उभं करायचे आणि मेण थंड होईपर्यंत अर्धं पान वाचायचे. न कळलेलं रात्रीच्या जेवणाच्या तयारीत बायकोला सांगायचे, कारण तिची अट होती: "सोप्या भाषेत सांगाल तर ऐकेन, नाहीतर कांदा तुम्ही चिरा." पुष्कळदा कांदा काकांनीच चिरला.

"एकांचं म्हणणं असं," एकदा काका म्हणाले, "की नाटकातलं दुःख खरं दुःखच नसतं. भातुकलीतला चहा पितो तसं आपण रडण्याचा खेळ खेळतो."

"मग तुमचे रुमाल मी कशाला धुते?" बायको म्हणाली.

हे काकांनी दुसऱ्या दिवशी वर्गात जसंच्या तसं सांगितलं. बाई पोट धरून हसल्या, आणि मग म्हणाल्या की घरून आलेला हा आक्षेप लिहून ठेवा, परीक्षेत उपयोगी पडेल.

पण सगळंच हसण्यावारी जाण्यासारखं नव्हतं. एका लेखात म्हटलं होतं की कलेपुढे रडणारा माणूस फुकटात रडतो. त्याला उठून काही करावं लागत नाही, कुणाचं अंथरूण बदलावं लागत नाही, रडून झालं की तो स्वतःवरच खूश होतो की बघा, माझं मन किती मऊ. काकांनी ते वाचलं आणि पुस्तक पालथं घातलं. दोन दिवस जेवणावरून लक्ष उडालं. तिसऱ्या दिवशी बाईंना व्हरांड्यात गाठून विचारलं, "तो लिहिणारा माणूस मला ओळखतो का हो?"

"नाही," बाई म्हणाल्या. "आणि म्हणूनच त्याचं सगळंच तुम्हाला लागू होईल असं समजू नका. तुम्ही अंथरूण बदललं नव्हतंत का कधी?"

"रविवारी. बाकी ताईनंच."

बाई त्यांच्या खांद्यावर हात ठेवून पुढे गेल्या. काकांच्या शर्टावर खडूची पाच बोटं उमटली.

वर्गात एक पंचविशीची मुलगी होती. ती एकांकिका लिहायची आणि बसवायची, त्यामुळे तिला सगळे नाटकवालीच म्हणत. डोकं तल्लख, बोलणं फटाफट. वर्ग सुटला की ती काकांबरोबर कँटीनला यायची आणि खोदून खोदून विचारायची. दादा कसे बोलायचे, थिएटरच्या बाहेरचा तो बाक कसा होता, ताई नेमकं काय म्हणाली. काकांना बरं वाटायचं. इतक्या आवडीनं कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी सगळं सांगितलं, अगदी वड्यासकट.

डिसेंबरात विद्यापीठाच्या छोट्या सभागृहात तिची नवी एकांकिका होती. "काका, यायचंच. काकूंना घेऊन."

गेले. पडदा उघडला. एक घड्याळजी. भाऊ वारला तरी रडत नाही आणि नाटकात रडतो. काका खुर्चीत सावरून बसले. बायकोनं हळूच त्यांच्याकडे बघितलं. मग त्या घड्याळजीची बहीण आली. कर्कश, हडकुळी, सारखं बोट नाचवणारी. भाऊ आजारी असताना औषधाच्या बाटल्या आपटणारी. आणि बाकाशी उभी राहून ती म्हणाली, "तो आत्ता मागच्या दारानं बाहेर पडून वडा खात असेल!" सभागृहात हशा पिकला. शेवटी तो घड्याळजी एकटा बसतो, एक बंद घड्याळ कानाला लावतो, आणि अंधार. टाळ्यांचा कडकडाट. बायकोनं रुमाल पुढे केला तर काकांचे डोळे कोरडे ठणठणीत.

"काय हो?"

"चल, घरी जाऊ," काका म्हणाले. नाटकवालीला न भेटता ते निघाले. असं वागणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

पुढच्या सोमवारी वर्गात योगायोगानं नेमका तोच भाग होता. कलाकाराला दुसऱ्याचं आयुष्य वापरायचा हक्क कितपत, आणि कलाकृतीतला नैतिक दोष हा कलेचाही दोष मानायचा का. नाटकवालीनं आपणहून विषय काढला. ती लपवाछपवी करणाऱ्यातली नव्हती.

"मी खरी नावं वापरली नाहीत, धंदा बदलला, काकांचं पात्र तर प्रेमानं लिहिलं," ती म्हणाली. "एवढं स्वातंत्र्य नसेल तर लिहायचं कसं? आणि समजा बहिणीवर थोडा अन्याय झाला, तरी एकांकिका म्हणून ती चांगलीच आहे. ते वेगळं, हे वेगळं."

बाईंनी काकांकडे बघितलं. काका उठून उभे राहिले. वर्गात उभं राहायची गरज नसते, पण त्यांना बसून गंभीर बोलता येत नाही.

"मला एवढं शास्त्र कळत नाही," ते म्हणाले. "मी माझ्या कामातलं सांगतो. माप घ्यायचं तर आधी माणसानं आ करावा लागतो. मी आ केला होता, कँटीनमध्ये, रोज. माझं माप तू घेतलंस, माझी तक्रार नाही. ताईनं तोंड उघडलंच नव्हतं. तिची कवळी तू माझ्या मापावर केलीस. ती तिला बसणार कशी?"

काकांनी समोरचा बाक जरा पुढे सारला.

"आणि दुसरं. तू म्हणतेस, काम म्हणून ते चांगलंच आहे. नाही, पोरी. तुझा घड्याळजी खरा वाटतो, कारण तो जरा वाकडा आहे. तुझी बहीण म्हणजे अठ्ठावीसच्या अठ्ठावीस दात एकसारखे. लांबूनच कळतं, खोटी आहे."

नाटकवालीचा चेहरा लालबुंद झाला. वही उचलून ती वर्गाबाहेर गेली. काकांना वाटलं, छे, आपण पोरीला दुखावलं. बाई म्हणाल्या, "आजचा तास मी घेतला नाही, हे मला मान्य आहे," आणि वर्ग सोडला.

तीन दिवसांनी दुपारी खोलीच्या जिन्यावर पावलं वाजली. नाटकवाली. ती माफी मागायला आली असावी, पण तसं काही बोलली नाही. फळ्यांवरचे जबडे बघत थोडा वेळ उभी राहिली, मग स्टूल ओढून बसली.

"बरं, मग ताई कशा आहेत ते सांगा."

"ताई ना?" काका खुलले. "ताई म्हणजे... मला लहानपणी शाळेत सोडायची. माझं लग्न तिनंच जमवलं. मला ताप आला की..." आणि ते थांबले. मोटर बंद केली. चष्मा कपाळावर सरकवला. जे आठवत होतं ते सगळं ताईनं त्यांच्यासाठी काय केलं याचंच होतं. त्या अकरा महिन्यांत, सोमवार ते शनिवार, त्या घरात ताईचं काय होत होतं? ती कधी झोपायची? कुणाशी बोलायची? तिला भीती वाटत होती का?

"मला माहीत नाही गं," काका म्हणाले. स्वतःशीच म्हणाल्यासारखे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खोलीला कुलूप लावलं आणि ताईकडे गेले.

ताई इस्त्री करत होती. दार उघडलं, बघितलं, आणि वळून पुन्हा टेबलापाशी गेली. दार मात्र उघडं ठेवलं. काका आत जाऊन बसले.

"चहा घेणार आहेस?" दीड-पावणेदोन वर्षांतलं पहिलं सरळ वाक्य.

"घेईन. आधी एक सांगतो, मग ठरव द्यायचा का ते." आणि त्यांनी एकांकिकेची सगळी हकीकत सांगितली. दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळण्याआधी आपणच सांगितलेलं बरं. ताई इस्त्री उभी करून ऐकत राहिली.

"मी दिसते कशी त्यात?"

"हडकुळी."

"चला," साधारण नव्वद किलोची ताई म्हणाली, "एवढा तरी फायदा झाला."

चहा झाला. दोघं स्वयंपाकघरात बसली. काकांनी मग ते विचारलं जे विचारायला आले होते. ते अकरा महिने कसे गेले. ताई बोलायला लागली ती तासभर बोलली. दादा चिडचिड करायचे ते. रोज एकाच वेळी खिडकी उघडायला लावायचे ते. तिनं एकदा खरंच औषधाची बाटली आपटली होती, आणि दादाच म्हणाले होते, "आणखी एक आपट, बरं वाटेल."

"तू रडला नाहीस म्हणून नव्हते रे मी चिडले," ती म्हणाली. "मला एकटीला रडावं लागलं म्हणून चिडले. वाटलं, ह्याचं काही गेलंच नाही. गेलं ते माझं एकटीचं. आणि मग त्या थिएटरात तू असा रडलास, की मला कळलं, ह्याला येतं की! मग माझ्याबरोबर का नाही?"

काकांच्या डोक्यात दीड वर्षाच्या अभ्यासातलं एकही पान उघडेना. मग त्यांना काहीतरी आठवलं.

"ताई, दादाची कवळी सैल व्हायची, आठवतं?"

"तू नेऊन नीट करून आणायचास."

"चार वेळा आणली. माणूस वाळायला लागला की हिरड्यापण वाळतात. दर वेळी आतून नवीन अस्तर घालावं लागतं, म्हणजे दर वेळी नवा साचा. मला..." ते घुटमळले. "मला डॉक्टरांच्या आधी कळत होतं गं. प्रत्येक साच्यात दादा थोडा कमी व्हायचा. मी पट्टी लावून मोजायचो. चौथ्या वेळी मोजलं आणि मला समजलं, पाचवा साचा लागणार नाही."

"हे तू कुणाला बोललास?"

"कुणाला बोलणार? त्याला नीट खाता यायला हवं होतं. मी काम करत बसलो."

ताईनं गॅसचं बटण बंद आहे का ते उगाचच बघितलं. मग म्हणाली, "आहेत ते साचे?"

साचे काम झालं की फोडून टाकायचे असतात. दादांचे मात्र काकांनी फोडले नव्हते. ताई आयुष्यात पहिल्यांदा काकांच्या कामाच्या खोलीचा जिना चढली, दोनदा थांबून. काकांनी फळीच्या मागच्या बाजूनं खोका काढला आणि साचे तारखांप्रमाणे टेबलावर ओळीनं मांडले. मूळचा एक आणि नंतरचे चार. ताईनं पहिल्यावरून बोट फिरवलं, मग दुसऱ्यावरून. शेवटच्यापाशी तिचं बोट थांबलं आणि तिला रडू कोसळलं.

काका शेजारी उभे होते. त्यांना वाटलं, आता आपल्यालाही येईल. आलं नाही. त्यांनी खिशातला रुमाल काढून दिला.

"तुला नाही येत?" ताईनं रडत रडत विचारलं.

"नाही गं. खरंच नाही येत."

"असू दे," ती म्हणाली. "इथे उभा राहा फक्त."

काका उभे राहिले. खाली दुकानात कुणीतरी कापड फाडल्याचा आवाज आला. तिचं रडून होईपर्यंत त्यांनी हातसुद्धा हलवला नाही.

पुढचं मग भराभर झालं. काकांनी नाटकवालीला ताईकडे नेलं. ताईनं तिला दारातच वरपासून खालपर्यंत न्याहाळून "तूच का ती?" असं विचारलं, आणि पुढे चार तास जाऊ दिलं नाही. एकांकिका पुन्हा लिहिली गेली. ताई तालमींना जाऊन पहिल्या रांगेत बसायची. नाटकवालीला वाटलं होतं, ही आता आपलं पात्र गोडगोड करून मागणार. झालं उलटंच. "वड्याचं वाक्य काढू नकोस, ते मी बोलले होते," ताई म्हणायची. "बाटलीपण राहू दे. फक्त मी ती का आपटली ते दाखव." नव्या प्रयोगात वड्याच्या वाक्याला कुणी हसलं नाही. नाटकवालीला ते सुरुवातीला जरा लागलं, कारण तो हशा तिला आवडायचा. काका त्या प्रयोगात रडले का? रडले, भरपूर. ताईनं फक्त मान हलवली.

एम. ए.साठी याच प्रश्नावर लिहिलेला काकांचा प्रबंध एकेचाळीस पानांचा झाला. तोंडी परीक्षेला बाहेरून एक परीक्षक आले होते, कडक इस्त्रीचे, कडक चेहऱ्याचे. त्यांनी विचारलं, "कल्पित माणसासाठी रडणारा आणि सख्ख्या भावासाठी न रडणारा माणूस नैतिकदृष्ट्या उणा आहे की नाही? एका वाक्यात सांगा."

"एका वाक्यात नाही सांगता येणार, सर," काका उभे राहून म्हणाले. "मला एवढंच कळलं की रडण्यावरून माणसाचं माप घेऊ नये. नाटकात माझे हात रिकामे असतात, म्हणून डोळ्यांना वाट मिळते. दादाच्या वेळी हातात काम होतं. पण हे मी माझी बाजू म्हणून सांगतोय, त्यामुळे तुम्ही थोडं कमी धरा. कारण माझ्या बहिणीला त्या वेळी शेजारी कुणी हवं होतं, आणि ते मला दिसलं नाही. उणेपणा असला तर तिथे आहे. रडण्यात नाही, न बघण्यात."

परीक्षकांनी काहीतरी लिहिलं. मग पेनाचं टोपण लावून हळूच विचारलं, "वरच्या पुढच्या दोन दातांत फट ठेवता येते का हो? माझी कवळी फार सरळ वाटते मला."

काकांना द्वितीय श्रेणी मिळाली. पहिली चार गुणांनी हुकली. बाईंना हळहळ वाटली, काकांना नाही. पदवीचा कागद त्यांनी गुंडाळी करून कपाटात ठेवला होता, तो ताईनं मागून नेला आणि चौकट करून आपल्या बाहेरच्या खोलीत लावला. "भाऊ माझा आहे, तर इथेच राहील," एवढंच कारण दिलं.

आता कुणीही पाहुणा आला की ताई त्याला चौकटीपुढे उभं करते आणि भावानं काय शोधून काढलं ते समजावून सांगते. ते दर वेळी निराळं असतं आणि बहुतेक वेळा साफ चुकीचं. मागच्या आठवड्यात शेजारच्यांना ती सांगत होती, की ह्यानं सिद्ध केलंय, नाटकं बघितल्यानं दात बळकट होतात. काका कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून चहा पीत होते. शेजाऱ्यांनी चकित होऊन त्यांच्याकडे बघितलं, आणि काकांनी मान डोलावली.